हे कोण कोणाला म्हणतंय?

आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री बाराची घंटा झाली की वचनांची पेटी फिरते. माझ्या लहानपणी पेटी म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा, वरून सोनेरी कागद डकवलेला. आत बोटभर लांबीच्या, सुरळी केलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकानं एक उचलायची, उलगडायची, आणि वर्षभर ती आपली. चिठ्ठीवर बायबलमधलं एक वाक्य आणि खाली अध्याय-ओवीचा आकडा. कोणाला धनधान्याचं वचन निघे, कोणाला शत्रूच्या नाशाचं. शत्रूच्या नाशाचं निघालं की माणसं शेजारच्या घराकडे बघून गालात हसत. पापाची कानउघाडणी करणारी चिठ्ठी कधी कोणाला निघाली नाही. मुळात डब्यात तसली एकही टाकलेली नसे.

१९८६ सालच्या त्या रात्री माझ्या थोरल्या भावाला स्तोत्र ९१ ची शेवटची ओवी निघाली. दीर्घायुष्य देऊन तृप्त करीन, अशा अर्थाची. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात त्याच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. आईनं ती चिठ्ठी भाताच्या शितानं आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली. दाढी करताना दादाला आपलं तोंड आणि ते वचन एकदमच दिसायचं.

मे महिन्यात मैदानात तंबू ठोकून संजीवन सभा झाल्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, आता गोळ्या खाल तर तो अविश्वास होईल. आम्ही तिघं घरी आलो ते गात गात. पहाटे मी दादाच्या गोळ्यांची पाकिटं उचलली आणि कंपाउंडच्या जुन्या विहिरीत टाकली. दादानं नाही, मी. कडेला उभं राहून पाकिटं तरंगताना पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता, आनंदाचा.

दादा ऑगस्टात गेला. शेवटचे आठ दिवस त्याला आडवं होता येत नव्हतं, उशीवर उशी रचून बसून झोपायचा. माती देऊन परतताना मंडळीतले एक वडील माझ्या वडिलांना म्हणाले, "मास्तर, प्रार्थनेत कमी नव्हती. विश्वासात कुठंतरी कमी पडलो आपण." वाईट माणूस नव्हता तो. त्याला दुसरं काही बोलायला येत नव्हतं, एवढंच. त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं.

आमच्या मिशन कंपाउंडात शेवटच्या पत्र्याच्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. सगळा गाव त्यांना नुसतं बाई म्हणे. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, पुढं चौतीस वर्षं निरनिराळ्या मिशन दवाखान्यांत काढलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. दादाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन त्याच द्यायच्या. १९८८ च्या जानेवारीत मी सायकलवरून चाललो होतो, तर त्यांनी दारातूनच हाक मारली.

"बुधवारी सहाला येत जा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, अक्षर दिसत नाही. तुझा आवाज बरा आहे."

"बाई, मी देवळात येत नाही आता."

"मी कुठं देवळात बोलावतेय?"

गेलो. खोलीत एक लोखंडी ट्रंक, स्टोव्ह, आणि चटईवर सात-आठ माणसं. एक रिक्षावाला, दवाखान्यातला जुना कंपाउंडर, भाजीचा गाडा लावणाऱ्या काकू, दोन शिक्षिका, असेच कोणी. सगळी तीस-चाळीस वर्षं न चुकता उपासनेला बसणारी. मधोमध दवाखान्यातला इनॅमलचा किडनी ट्रे, त्यात फुटाणे. (आधी त्यात काय काय पडलं असेल हा विचार पहिल्या बुधवारी आला. पुढं तोही आला नाही.) बाईंनी ट्रंकेतून बायबल काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या समासात जागोजाग पेन्सिलीनं बारीक आकडे होते. खाट ४. खाट ११. खाट ७, पुन्हा खाट ७. रात्रपाळीला ज्या रोग्याजवळ बसून जे वाचलं, त्याचा आकडा तिथं. स्तोत्र २३ चा समास भरून गेला होता. स्तोत्र ८८ चाही. ते स्तोत्र माहीत असणारे थोडेच. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारातच संपतं. मी विचारलं, "बाई, यातले वाचले कोण आणि गेले कोण?"

"ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वाच."

त्या दिवशी त्यांनी स्तोत्र ९१ वाचायला लावलं. मी आकडा ऐकला आणि पुस्तक मिटून उठायला लागलो. बाई काही बोलल्या नाहीत, कंपाउंडरनं माझं मनगट धरलं. वाचलं कसंतरी. मग त्या म्हणाल्या, "आता मत्तय काढ. चौथा." येशूच्या परीक्षेचा अध्याय. मला तो पाठ होता, शब्बाथ शाळेत त्यावर बक्षीस मिळवलं होतं. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंच आहे. मी वाचत होतो आणि बाईंनी मध्येच थांबवलं.

"हे कोण कोणाला म्हणतंय?"

"सैतान. येशूला."

"आणि सैतान हे कुठलं वाचून दाखवतोय?"

मला उत्तर येईना. भाजीवाल्या काकूंना आलं. त्या अंगठाबहाद्दर, पण ऐकलेलं विसरायच्या नाहीत. "आत्ताच तर यानं वाचलं की! एक्याण्णव."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं लिहायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. एवढंच लक्षात आलं की शास्त्रातलं वाक्य खरं असूनही ते कोणी कोणाच्या तोंडावर कशासाठी फेकलं यावर त्याचं काय होतं ते ठरतं, आणि येशूनं त्या वचनाची हुंडी वटवायला नकार दिला होता. दादा जाईपर्यंत वीस वर्षं रविवार चुकला नव्हता माझा, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल. मी चिठ्ठी वाचणारा होतो, पान वाचणारा नव्हतो.

पुढची अकरा वर्षं बुधवार हा माझा ठरलेला वार झाला. एस.टी.च्या हिशेब खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, बुधवार सुटला नाही. बाईंची पद्धत म्हणावी असं काही नव्हतं. एक पुस्तक घ्यायचं, पहिल्या अध्यायापासून शेवटापर्यंत वाचायचं, ओवी उचलून पळायचं नाही. दर थोड्या वेळानं त्यांचा तोच प्रश्न. आणि "मला कळलं नाही" असं म्हणायला कोणी लाजलं, तर त्या आधी स्वतः म्हणायच्या, "मलाही नाही कळलं. पुढं बघू." पुष्कळदा पुढंही कळायचं नाही. तेही चालायचं.

ईयोब आम्ही एका पावसाळ्यात वाचला, बेचाळीसच्या बेचाळीस अध्याय. माझ्या घरी एका दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर ठळक अक्षरांत ईयोबाच्या आठव्या अध्यायातलं वचन. सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं. नवं दुकान उघडताना, नवी रिक्षा काढताना आमच्यातले लोक हमखास तेच लावतात. रिक्षावाल्यानं तर काचेवर रंगवून घेतलं होतं. आठव्या अध्यायात पोचलो आणि प्रश्न आला. हे कोण कोणाला म्हणतंय? बिल्दद शूही. ईयोबाला. आणि लगतच्या ओव्यांत हाच बिल्दद त्या बापाला सांगतोय, तुझी मुलं मेली ती त्यांच्या अपराधामुळं. बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांवर संतापतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणतो, आणि भांडणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाला बरोबर ठरवतो. रिक्षावाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, काचेवरचं पुसू का?"

"पुसायला कशाला? ग्राहक विचारतील, तेव्हा पूर्ण सांग."

त्या पुस्तकात मला आमच्या मंडळीतले ते वडील भेटले. मैदानातले उपदेशक भेटले. आणि फेकलेल्या पाकिटांच्या विहिरीशी उभा असलेला मीही भेटलो, कारण त्या पहाटे मी ईयोब नव्हतो, बिल्दद होतो. मित्र सात दिवस सात रात्री ईयोबाजवळ न बोलता बसले होते, तोवर त्यांचं सगळं ठीक चाललं होतं, असं बाई म्हणत. तोंड उघडलं आणि बिघडलं. नर्सच्या तोंडी हे शोभून दिसायचं.

पण त्या पावसाळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बाईंनी सांगितली नाही, भाजीवाल्या काकूंनी सांगितली. ईयोबाची बायको देवाला शिव्या दे म्हणते, म्हणून प्रवचनातून तिला नेहमी झोडपलेलं ऐकलं होतं. काकू म्हणाल्या, "तिचीबी लेकरं मेली ना? सात पोरं, तीन पोरी. तिच्या पोटची." आणि शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात तिथं पोचलो, सगळे समाधानानं मान डोलावत होते, तर काकूंनी फुटाणा ट्रेमध्ये परत टाकला. "नवी धा आली म्हनून जुनी धा इसरतात व्हय?" काकूंची दोन गेलेली होती. बाईंनी त्या दिवशी प्रार्थना घेतली नाही. उठून सगळ्यांना चहा केला, एरवी साखर मोजून घालायच्या, त्या दिवशी न मोजता.

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलंच. ते एकदा येऊन बसले आणि नंतर सौम्यपणे म्हणाले, "बाई, साध्या लोकांच्या विश्वासाला तडे जातील अशानं." बाई म्हणाल्या, "साहेब, हाड वाकडं जुळलं तर काय करतात? परत मोडून बसवतात. मोडताना मी हात धरलेत लोकांचे, मला ठाऊक आहे किती दुखतं ते." पाळकसाहेब भले होते. ते पुढंही अधूनमधून येत राहिले, मागं बसत, आणि एकदा तर म्हणाले, सेमिनरीत हे सगळं शिकलो होतो, पण व्यासपीठावरून सांगायचं धाडस कधी झालं नाही.

आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांना एक जुनी बोच आहे. नगरला अमेरिकन मिशनरी आले १८३१ मध्ये, पण खेड्यांतली आमची माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती दुष्काळांच्या आगेमागे, १८७६-७८ चा आणि मग १८९९-१९०० चा, ज्याला छप्पनचा म्हणतात तो. बहुतेक महार-मांगांची घरं. तेव्हापासून ऐकत आलोय, भाकरीसाठी बाटले. शाळेत मी यावरून मारामारी केली होती, आणि खोटं आहे म्हणून ओरडलो होतो. बाईंना सांगितलं तर हसल्या. "खोटं कशाला? उपाशी होते, आले. पाच हजार जेवले, त्यातलेही दुसऱ्या दिवशी भाकरीसाठीच येशूला शोधत गेले होते. त्यानं तोंडावर सांगितलं त्यांना तसं. पण आधी जेवू घातलं." मग थोड्या वेळानं, "आजा भाकरीसाठी आला यात लाज नाही. नातू अजून भाकरीच मागत बसलाय, त्याची मला काळजी." वचनांची पेटी त्यांना त्यासाठीच खुपायची. त्यांना भविष्यकथनाचं वावडं होतं म्हणून नव्हे. आमच्या आज्यांची भूक खरी होती. आमची चिठ्ठीची भूक लाडावलेली होती, असं त्यांचं मत.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचंही तसंच. देवानं तुमच्या कल्याणाचा संकल्प केलाय हे वाक्य घराघरांत फ्रेम करून लावलेलं. ते बाबेलला कैद करून नेलेल्यांना धाडलेलं पत्र आहे आणि त्यातच सत्तर वर्षं थांबा असं म्हटलंय, म्हणजे ऐकणारे बरेचसे तिथंच मरणार. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्याच शहराचं भलं मागा, असं त्या पत्रात सांगितलंय. हे वाचल्यावर आमच्या गटातल्या एका शिक्षिकेनं पुण्याला बदलीसाठी चाललेला उपास सोडला आणि अंगणात शेवगा लावला.

बाईंच्या ट्रंकेत बायबलशिवाय दोनच पुस्तकं होती. एक लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे, पानं सुटलेली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत, आपल्या वेळेला. नवरा झाला म्हणून झाल्या नाहीत. बाईंना ही पाच वर्षं फार आवडायची. कोणी घाईघाईनं मुलांचं दृढीकरण उरकायला निघालं की त्या लक्ष्मीबाई काढायच्या. दुसरं पुस्तक पंडिता रमाबाईंच्या चरित्राचं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि त्यानंतरही त्या तिथल्या जोगिणींना पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या, चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, या सुरात. त्याच रमाबाईंनी पुढं हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबवलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. बाई म्हणायच्या, "प्रश्न विचारणारीनंच सगळं बायबल वाचलं बघ. न विचारणाऱ्यांना चिठ्ठी पुरते."

बाईंचं सगळंच पटायचं असं नाही. गिटारीवरच्या टाळ्यांच्या गाण्यांना त्या तमाशा म्हणत, आणि नव्या मंडळ्यांतल्या लोकांविषयी तिरकं बोलत. माझी बायको तशाच एका मंडळीतली, आणि दादा गेल्यावर रात्र रात्र आईजवळ बसून राहिली ती तिचीच माणसं. मी हे एकदा स्पष्ट सांगितलं. बाई रागावल्या, दोन बुधवार माझ्याशी तुटक वागल्या. चुकलं म्हणाल्या नाहीत. त्यांना ते जमायचंच नाही.

१९९१ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. मी बायबल त्यांच्या पुढं सरकवलं. त्यांनी परत माझ्या मांडीवर ठेवलं. "तू वाचतोस तेव्हा मला बाकीच्यांची तोंडं बघता येतात."

त्याच वर्षी, एका बुधवारी सगळे गेल्यावर, मी विहिरीचं सांगितलं. चार वर्षं पोटात ठेवलेलं. वाटलं होतं त्या म्हणतील, तुझी चूक नाही, लहान होतास. तेच ऐकायला आलो होतो, खरं तर. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मे महिन्यातलं त्याचं इंजेक्शन चुकलं. जूनचंही. मला वाटलं पुण्याला दाखवायला गेलात, तिकडंच घेतलं असेल. चार घरं सोडून राहते मी. निरोप धाडला असता तर दहा मिनिटं लागली असती." मग बऱ्याच वेळानं, "तू वीस वर्षांचा होतास. मी नर्स होते."

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. स्टोव्ह कधीचा विझला होता, रॉकेलचा वास येत होता. त्यांनी मला माफ केलं नाही, मी त्यांना नाही. तो आमच्यापैकी कोणाचा अधिकारच नव्हता. पण त्या दिवसानंतर मी रविवारी परत चर्चला जायला लागलो. मागच्या बाकावर, मंडळीतल्या त्याच वडिलांच्या शेजारी. ते आता थकले होते, त्यांना गीतपुस्तकातला आकडा दिसायचा नाही. मी काढून द्यायचो.

शेवटची तीन वर्षं बाईंनी बुधवार माझ्यावर टाकला. त्या खाटेवर बसून ऐकत, आणि मी उत्तर द्यायची घाई केली की खोकत. आज मी दृढीकरणाचा वर्ग घेतो, पोरं फोनवर बायबल उघडतात, आणि मला उत्तर सुचलं की बाईंचा खोकला ऐकू येतो. पेटी अजून फिरते. ती बंद करा असं मी पंचमंडळात कधी म्हटलं नाही. फक्त जानेवारीच्या पहिल्या रविवारी वर्गातल्या मुलांना आपापली चिठ्ठी घेऊन यायला सांगतो, आणि तिचा आख्खा अध्याय वाचायला लावतो.

१९९९ च्या मार्चमध्ये बाईंना दवाखान्यात हलवलं. खाट क्रमांक १४. मी बायबल नेलं होतं, मनात धरून गेलो होतो की ८८ म्हणतील, नाहीतर २३. त्या म्हणाल्या, "रोमकर काढ. सोळावा."

तो नुसता नावांचा अध्याय. पत्र संपत आल्यावर पौल एकेकाला सलाम कळवतो. आम्ही भेटल्यावर सलाम म्हणतो, तोच सलाम, ओवीमागून ओवी. प्रवचनाला हा अध्याय कोणी घेत नाही. मी वाचू लागलो. फिबी, मंडळीची सेविका. प्रिस्का आणि अक्विला. मरीया. त्रुफैना, त्रुफासा. पर्सिस. बाई डोळे मिटून प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या. मग रूफ आला, आणि रूफाची आई. तिचं नावसुद्धा पौलानं दिलेलं नाही. एवढंच म्हटलंय की ती त्याची आई, आणि माझीही.

माझा आवाज तिथं अडकला.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "थांबलास का? अजून माणसं राहिलीत. वाच."